झोप लागलेल्यांचे पोहे

सकाळी कुणी मला सहज विचारलं, काय, झोप लागली का, तर मला अजूनही सहज उत्तर देता येत नाही. आधी मी मनातल्या मनात आठवून बघते, खरंच लागली होती का, आणि मग तोंड उघडते. समोरच्याला वाटतं बाईला ऐकायला कमी येतं. ऐकायला मला चांगलं येतं. पण ज्या माणसाने मला हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला, त्याच्यापुढे मी खोटं बोलले होते आणि सपशेल तोंडावर आपटले होते, म्हणून ही सावधगिरी.

त्यांना सगळे बंगलेवाले म्हणायचे. गावातले म्हणायचे, रिक्षावाले म्हणायचे, एकदा तर त्यांची बायकोही पाहुण्यांशी बोलताना "आमचे बंगलेवाले" म्हणून गेली. मालक म्हटलेलं मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही. "मालक कोन? मी राखणदार," असं म्हणून ते उठून जायचे. मी त्यांना काका म्हणत असे, ते त्यांनी चालवून घेतलं.

मी परभणीची. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत नोकरी लागली, आणि कंपनीने सांगितलं की राहायची सोय होईपर्यंत कुठेतरी उतरा. आता कुठेतरी म्हणजे कुठे? हॉटेलं होती ती खाली बार आणि वर खोल्या अशी. शेवटी कंपनीतल्याच एकाने सांगितलं की नाशिक रस्त्यावर, निघोज्याकडे वळायच्या अलीकडे, एक जुना दगडी बंगला आहे, घरगुती आहे, एकट्या बाईला बरा, फक्त माणूस जरा तऱ्हेवाईक आहे. मी म्हटलं, माझ्या माहेरी सगळे तऱ्हेवाईकच आहेत, मला सवय आहे.

फाटकावर पत्र्याची पाटी होती. त्यावर लिहिलं होतं: "निवास व न्याहारी. जुनी वास्तू." आणि त्याच्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत: "येथे कोणीही थोर व्यक्ती राहून गेलेली नाही." हातात बॅग घेऊन मी ती पाटी पुन्हा वाचली. आपल्याकडे दोन दगड एकावर एक दिसले की तिथे कोण येऊन गेलं ते सांगणारी चार माणसं गोळा होतात, आणि इथे एक गृहस्थ पैसे खर्चून पेंटरकडून नकार रंगवून घेतो! मला तिथेच हसू फुटलं, आणि तेवढ्यात ते समोर येऊन उभे राहिले. पांढरा लेंगा, बंडी, टोपी आणि खांद्यावर उपरण्यासारखा टाकलेला उशीचा अभ्रा. तो अभ्रा त्यांच्या खांद्यावर कायम असायचा. त्याने ते हात पुसायचे, टेबल झटकायचे, आणि मग मावशींची बोलणी खाऊन तो धुवायला टाकायचे आणि दुसरा घ्यायचे. मावशी म्हणजे त्यांची बायको. बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते त्यांना ऐकावंच लागायचं.

पहिल्या रात्री मला झोप कसली येतेय! नवी जागा, नवी नोकरी, आईपासून लांब. कूस बदलत पडले होते. सकाळी आवरून बाहेर आले तर पोह्यांचा वास सुटला होता, मोहरी, कढीपत्ता, वरून शेंगदाणे. पोटात कावळे ओरडत होते. काका समोर येऊन म्हणाले, "झोप लागली का?" मी म्हटलं, हो, छान. ते म्हणाले, "खरं सांगा." मी म्हटलं, अहो खरंच, मस्त लागली. त्यांनी आत जाऊन एक वाडगा आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात दूध आणि कुस्करलेली भाकरी.

मी भडकलेच. शेजारच्या टेबलावर कुणीतरी वाफाळते पोहे हाणत होतं, आणि माझ्यापुढे आजाऱ्याचं जेवण! मी विचारलं, हे काय, मला पोहे का नाहीत? तर शांतपणे म्हणाले, "पोहे झोप लागलेल्यांना. तुमचं डोळं काय येगळंच सांगत्यात. झोप न झालेल्या पोटात फोडणी टाकू न्हाई. खावा आन् जमलं तर घटकाभर पडा." मी तणतणत ती दूध-भाकरी खाल्ली. खोटं सांगून वर रागावलेही होते, म्हणजे कमालच. पण दुपारी कंपनीत, नेहमी मला जी पित्ताची कळ यायची ती आली नाही, हे मात्र मला कबूल करावं लागलं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसले असते.

हा नियम सगळ्यांना होता. झोप लागली तर पोहे, नाही लागली तर दूध-भाकरी. एक जर्मन साहेब यायचा, यंत्रं बसवायला. त्याला मराठी येत नव्हतं आणि काकांना इंग्रजी. काका तळहातावर गाल टेकवायचे, भुवया उंचवायचे. तो बिचारा प्रामाणिकपणे मान हलवून नाही म्हणायचा, आणि दूध-भाकरी खायचा. त्याला ती इतकी आवडली की पुढे तो झोप लागली तरी नाही म्हणायला लागला. काकांनी त्याला तिसऱ्या दिवशी पकडला आणि पोहे दिले. साहेबाचा चेहरा पडला होता.

एका पाहुण्याने नेटवर लिहिलं, जागा छान पण मालक उद्धट. काकांच्या मुलाने ते वाचून दाखवलं. मुलगा चाकणला कंपनीत पहिल्या शिफ्टला जायचा आणि उरलेल्या वेळात बंगल्याचं बुकिंग वगैरे बघायचा. काकांनी त्याच्याकडून त्या पाहुण्याला फोन लावून घेतला आणि एवढंच विचारलं की आमच्याकडं झोप लागली होती का? तो म्हणाला, झोप फार छान लागली. "मंग झालं," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. मुलाने कपाळावर हात मारून घेतला.

नवी गादी आली की पाहुण्याला द्यायच्या आधी ते स्वतः तिच्यावर एक रात्र झोपून बघायचे. खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. एक पडशाची खोली, कारण तिथे पूर्वी कुणी साहेब सर्दीने आजारी पडला होता. एक ताकाची, तिचं कारण कुणालाच माहीत नाही. माझ्या शेजारची घोरणाऱ्याची. आजोबांच्या काळात तिथे एक ओव्हरसियर उतरायचा आणि तो घोरला की म्हणे तबेल्यातले घोडे बिथरायचे. मी फोनवर आईला सांगायचे, मी पडशाच्या खोलीशेजारी नाही, घोरणाऱ्याच्या शेजारी आहे. आई घाबरायची, कोण घोरतोय म्हणून.

बंगल्याचा खरा इतिहास एवढाच होता की तो इंग्रजांच्या काळात रस्त्याच्या साहेबांना मुक्काम करायला बांधला. काकांचे आजोबा तिथे खानसामा होते. पुढे सरकारने तो विकायला काढला तेव्हा आजोबांनी शेताचा एक तुकडा विकून तो घेतला. लोकांना एवढ्याने समाधान होत नसे. पुण्याहून शनिवार-रविवारी गाड्या घेऊन लोक यायचे, भिंतींना हात लावायचे आणि विचारायचे, इथे कोण कोण राहून गेलं? काका सांगायचे, "एक मुकादम व्हता. त्येला मूळव्याध व्हती." किंवा, "एक साहेब आठ दिस पाऊस बघत बसला, मंग गेला." लोकांची तोंडं उतरायची. मुलगा म्हणायचा, आप्पा, जरा तरी गोड बोलत जा, लोक इतिहासाला पैसे देत्यात. काका म्हणायचे, "पैसे झोपेचे घेतो आपुन."

मी एकदा त्यांना विचारलं की एवढं काय बिघडतं, कुणीतरी मोठं माणूस आलं होतं म्हणून सांगायला? ते उशीला अभ्रा चढवत होते. म्हणाले, मोठ्या माणसाच्या नावावर आलेला माणूस रात्रभर भिंतीकडं बघत राहतो, झोपत नाही. मी हसले, पण ते चेष्टा करत नव्हते.

आता तो दगड. ओसरीच्या पायरीला लागून एक काळा दगड जमिनीत निम्मा रुतलेला होता. पावसाळ्यात सगळे पाहुणे त्याच्यावर पायांचा चिखल खरवडायचे, मीही खरवडायचे. त्याच्या वरच्या बाजूला झिजलेलं अक्षर दिसायचं, "ना." आणि पुढे काहीतरी होतं ते पार पुसून गेलेलं. काकांच्या लेखी तो पाय पुसायचा दगड होता. पण गावचे माजी सरपंच, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांची एक दिवस त्या अक्षरावर नजर गेली, आणि त्यांना साक्षात्कार झाला. जुन्या काळी मोठ्या पुढाऱ्यांच्या नावामागे ना. लिहायचे. ना. म्हणजे नामदार. म्हणजे कुणीतरी नामदार इथे मुक्कामाला होते आणि त्यांच्या हस्ते हा दगड बसवला. कोणते नामदार, असं मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "नाव झिजलं, ताई. नामदारकी न्हाई झिजली." काका अभ्र्यात तोंड लपवून हसत होते.

भाऊंचं ते हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास रस्त्याची मोजणी आली.

नाशिक रस्त्याची अवस्था ज्याने बघितली आहे त्याला सांगायला नको. कंटेनर, कंपन्यांच्या बस, दुचाक्या, सगळं एकमेकांत अडकून पडलेलं. रस्ता रुंद करायला हवाच होता, आम्हीच तर रोज शिव्या घालत होतो. पण मोजणीवाले आले आणि त्यांनी लाल रंगाची रेघ मारली ती ओसरीच्या दगडी खांबावर. शेजारी बाण काढून लिहिलं, इथून आत तीस फूट. म्हणजे ओसरी आणि सगळ्या खोल्या, पडशाची, ताकाची, घोरणाऱ्याची, माझी, रस्त्यात जाणार होत्या. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तेवढं उरणार होतं. मुलगा रस्त्याच्या खात्यात चार खेटे घालून आला. तिथे त्याला कळलं की जुनी महत्त्वाची वास्तू असेल, कुणी थोर माणसाचा संबंध असेल, तर अर्ज करा, एक मोजणीवाल्या बाई येऊन बघून जातील आणि त्यांनी तसं लिहिलं तर रेघ सरकू शकते.

भाऊ त्याच दिवशी हजर. म्हणाले, मी काय म्हनत व्हतो! नामदार! आता हाच नामदार तुमचा बंगला वाचवनार. त्यांनी तर असंही ठरवलं की तो दगड उपटून काढायचा, निघोज्याच्या चौकात चौथरा करून त्यावर बसवायचा, म्हणजे बाई आल्या की आधी तिथेच नारळ फोडू. काकांनी दगड उपटू दिला नाही. पावसाळा तोंडावर आहे, लोकांनी पाय कुठं पुसायचे, एवढंच म्हणाले. मग भाऊंनी त्या "ना."वर सोनेरी रंग मारून घेतला आणि पाहुण्यांना सक्त ताकीद दिली, नामदारांवर पाय ठेवायचा नाही.

त्या दिवसांत काकांशी कुणी काही बोलायचं नाही. ते नेहमीसारखे पहाटे उठायचे, सगळ्यांना झोपेचं विचारायचे, पोहे द्यायचे, भाकरी कुस्करायचे. फरक एकच होता, आणि तो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला गलबलून आलं. सगळ्यांची न्याहारी झाली की मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांना विचारायच्या, झोप लागली का? हे म्हणे त्यांचं लग्नापासूनचं होतं. एरवी ते "व्हय" म्हणायचे आणि मावशी त्यांना पोहे वाढायच्या. रेघ पडल्यापासून ते मान हलवायचे. आणि मावशी दूध-भाकरीचा वाडगा पुढे करायच्या. रोज. मी कंपनीत निघताना त्यांच्या हातात काय आहे ते बघायचे. वाडगाच असायचा.

मुलगा एकदा माझ्याजवळ बोलला. मोबदला मिळेल, दुसरं काही बांधता येईल, त्याचं काय न्हाई, म्हणाला. "पन आप्पा जगायचे न्हाईत हो बंगल्याबिगर. भाऊ म्हनत्यात तसं एकदाच बोलायचं हाय त्यांनी. एकदाच." मी म्हटलं, बोलतील. का नाही बोलणार? घराचा प्रश्न आहे. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

बाई आल्या त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली होती. भाऊंनी अंगणात मांडव घातला होता, खुर्च्या, शिरा, उपमा, गुलाबजाम, आणि दगडाला झेंडूचा हार. बाई जीपमधून उतरल्या. पस्तिशीच्या असतील, पायात बूट, केस कसेबसे बांधलेले. भाऊ शाल घेऊन पुढे झाले, पण त्यांच्या आधी काका गेले आणि जे रोज सगळ्यांना विचारायचे तेच विचारलं, झोप लागली का. भाऊंनी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "नाही हो काका. पोराला ताप आहे. रात्रभर बसूनच होते."

काका आत गेले आणि दूध-भाकरीचा वाडगा घेऊन आले. मांडवात गुलाबजाम मांडलेले आणि सरकारी बाईंच्या हातात भाकरीचा काला! मुलाचा चेहरा बघवत नव्हता. बाईंनी मात्र वाडगा घेतला, खुर्चीकडे न जाता ओसरीच्या पायरीवर टेकल्या आणि खायला लागल्या. मुकाट्याने, भुकेल्या माणसासारख्या. आणि तिथेच, त्यांच्या पायाशी, हार घातलेला दगड होता.

भाऊंनी संधी सोडली नाही. म्हणाले, मॅडम, हाच तो. ना. म्हणजे नामदार. नामदारसाहेब इथं मुक्कामाला होते, सगळं गाव सांगेल. बाईंनी वाडगा खाली ठेवला, हार बाजूला करून अक्षरावर बोट फिरवलं, आणि वर न बघता म्हणाल्या, "काका, घर तुमचं आहे. तुम्ही सांगा. हे ना. कोण?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मुलगा, भाऊ, दारात मावशी. मी मनातल्या मनात हात जोडले होते. बोला हो, एकदाच, काय जातंय तुमचं, बोला की! काकांनी खांद्यावरचा अभ्रा काढला, हात पुसले, पुन्हा पुसले. खांबावरच्या लाल रेघेकडे एकदा बघितलं.

"नाशिक," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, काय?

"ना. म्हंजे नाशिक, बाई. मैलाचा दगुड हाय त्यो. मागल्या अंगाला पु. असंल, पुण्याचा. नामदार हितं कुनी आलं न्हाई." आणि मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "आत्ता मी तुमास्नी झोपेचं इचारलं. तुमी खरं सांगितलं. मंग मी कसं खोटं बोलू?"

भाऊ मांडवातल्या पहिल्या खुर्चीवर धप्पकन बसले. मुलगा पाठ फिरवून फाटकापर्यंत चालत गेला. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी काय करत होते कुणास ठाऊक, मी जाऊन बाईंचा रिकामा वाडगा उचलला.

पण बाई उठल्या नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसून दगडाच्या मागची माती बोटांनी उकरत होत्या. मग त्यांनी आपल्या माणसाला हाक मारली आणि जुना नकाशा मागवला. विचारलं, हा दगड कधी हलवलाय का? काका म्हणाले, न्हाई, भाऊ उपटनार व्हते, पन म्या न्हाई म्हनलं. "नशीब तुमचं," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं, की त्यांच्या खात्याच्या जुन्या नकाशात रस्त्याची सगळी मापं या मैलाच्या दगडांपासून घेतलेली आहेत. या पट्ट्यातला दगड कुठे सापडलाच नाही, हरवला असं धरून त्यांच्या लोकांनी अंदाजाने रेघ मारली होती. दगड जागच्या जागी असेल तर मोजणी पुन्हा करावी लागेल, इथूनच. उपटून चौकात बसवला असता तर तो नुसता दगड झाला असता.

तिवईवर मोजणीचं यंत्र लागलं. दुपारपर्यंत त्यांची माणसं इकडून तिकडे फिरत होती, रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आणि आम्ही सगळे भाऊंचे गुलाबजाम समोर ठेवून बसलो होतो, कुणालाही एकही जात नव्हता. शेवटी बाईंनी कुंपणाच्या आत एक खुंटी ठोकली. फाटक जाणार होतं, कुंपण जाणार होतं, पुढचं चिंचेचं झाड जाणार होतं. खुंटी ओसरीपासून चांगली लांब, रस्त्याच्या बाजूला होती. बाई म्हणाल्या, कागद यायला वेळ लागेल, पण दगड आमच्याच खात्याचा आहे, त्याच्यापुढे माझे साहेबही जाणार नाहीत. बंगला राहिला, काका.

काकांनी मान डोलावली. एवढंच. मग म्हणाले, पोराला जरा बरं वाटलं की घिऊन या हिकडं, पोहे खायला. पुढे कागद आला तो तसाच आला, जसं बाई म्हणाल्या तसाच. त्या संध्याकाळीच मुलाने खांबावरची रेघ थिनरने घासून काढली. भाऊंचं म्हणाल तर ते हरणाऱ्यातले नाहीत. अजून सांगतात की बंगला शेवटी वाचवला कुणी? दगडानेच ना? मग नामदारच म्हणायचा तो. आता त्या दगडाला सगळेच नामदार म्हणतात, आणि त्याच्यावर पाय पुसतात.

मी आता चिंचवडला सोसायटीत राहते. कधी रविवारी जाते तिकडे. फाटक मागे आलंय, पाटी तीच आहे. बुकिंगसकट सगळं मुलगा बघतो, काका ओसरीवर बसून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढं एक विचारतात. पण मला आठवते ती मोजणीवाल्या बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी आवरून बाहेर आले तर पोह्यांचा वास नव्हता. चूल पेटलेली नव्हती. पाहुणे टेबलाशी बसून एकमेकांकडे बघत होते. मी स्वयंपाकघरात गेले तर मावशी एकट्या उभ्या होत्या, हातात सुरी आणि पुढे कांदा न चिरलेला. म्हणाल्या, "हे दिसत न्हाईत कुठं." काकांची बाज मागच्या पडवीत असायची. बाज रिकामी होती, पांघरूण घडी घातलेलं. मी त्या घरात आल्यापासून एकही सकाळ ते पहाटे उठले नाहीत असं झालं नव्हतं. मुलगा परसातल्या विहिरीकडे धावत गेला. का गेला, हे तो बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही. एवढे दिवस धीर धरलेला माणूस, आता सगळं झाल्यावर कुठे कोसळून पडला असेल, नको नको ते मनात येत होतं. मावशी हलत नव्हत्या. मी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली.

आणि तेवढ्यात मला आवाज आला. माझ्या खोलीच्या बाजूने. खरखरीत, लांबलचक, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. आम्ही दोघी धावलो. घोरणाऱ्याच्या खोलीत, त्या रात्री रिकाम्या असलेल्या पाहुण्याच्या पलंगावर, टोपीसकट, अभ्रा छातीवर धरून काका उताणे पडले होते आणि घोरत होते. असे घोरत होते की तबेला असता तर घोडे खरोखर बिथरले असते. विहिरीकडून परत आलेला मुलगा दारात उभा राहिला आणि खाली बसला, तिथेच उंबऱ्यावर, दोन्ही हातांनी तोंड झाकून. हसत होता की रडत होता, मला कळलं नाही. मला स्वतःचंही कळत नव्हतं.

मावशींनी हळूच दार लोटून घेतलं. मग आम्ही दोघींनी पोहे केले. कांदा मी चिरला. पाहुण्यांना मीच विचारलं, झोप लागली का, आणि सगळे, देवाशप्पथ, खरं बोलले.

काका उठले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ओसरीवर आले, सगळे आपल्याकडे बघताहेत हे बघून ओशाळले, टोपी सारखी केली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"झोप लागली का?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

काकांनी खाली बघितलं. पोराने काही फोडलंय आणि पकडला गेलाय असा चेहरा झाला होता त्यांचा.

"लागली," ते म्हणाले.

मावशींनी त्यांना पोहे वाढले.